गाडी जिथे अडली

रेल्वेने शहर वसवले असे म्हटले की धावती गाडी डोळ्यांपुढे येते. नैरोबीचा जन्म मात्र गाडीच्या अडण्यातून झाला, असे मला वाटते. 1896 मध्ये मोंबासाच्या किनाऱ्यावरून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले आणि 1899 च्या मेअखेर रूळ सव्वापाचशे किलोमीटर आत, एका दलदलीच्या माळावर पोचले. मासाई गुराखी तिथे गुरे पाण्यावर आणत, म्हणजे जागा बेवारस नव्हती. शहर मात्र नव्हते. पुढे चढ, आणि चढापलीकडे रिफ्ट दरीचा तुटलेला कडा. पक्की वाट होईपर्यंत त्या कड्यावरून वाघिणी दोरांच्या आधाराने खाली सोडाव्या लागल्या. थळघाटाच्या माथ्यावरची इगतपुरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच उमगेल: अवघड चढउतार आला की एंजिनांची सोय, सामानाचा साठा आणि माणसांचा मुक्काम आलाच. माळ सपाट होता, पाणी होते. यार्ड पडले, कारखाना उभा राहिला, आणि त्याच वर्षी रेल्वेचे मुख्य ठाणे मोंबासाहून इथे आले.

कोणी म्हणेल, तळ तर कित्येक पडतात; नैरोबीला मोठे केले ते राजधानीने. पण सरकार आले ते रेल्वेच्या मागोमाग, आयत्या कचेऱ्यांच्या आणि वस्तीच्या आधाराने. जागा आरोग्याला घातक आहे, असे डॉक्टर सांगत होते. 1902 मध्ये प्लेग आला, हिंदी बाजार जाळला गेला. तरी शहर हलले नाही, कारण यार्ड आणि कारखाना उचलून नेता येत नव्हते. माणसांच्या सोयीने निवडलेली जागा एवढ्या संकटानंतर बहुधा सोडली गेली असती.

एंजिनाच्या सोयीची किंमत कोणी मोजली, हे मात्र विसरता येत नाही. या मार्गावर सुमारे 32,000 हिंदी मजूर राबले, त्यांतले बरेचसे पंजाबचे. सुमारे अडीच हजार इथेच मेले. उंचावर गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले आणि सखलात मजुरांच्या चाळी, ही रेल्वेच्या वसाहतीची मांडणी शहराने पुढे आपलीशी केली. स्वातंत्र्याला साठ वर्षे उलटून गेली, तरी श्रीमंत वस्त्या बहुतेक पश्चिमेच्या उंचवट्यांवर आहेत आणि कष्टकऱ्यांची दाटी पूर्वेच्या सपाटीवर. गाडी कुठे थांबणार हे डोंगराने ठरवले. कोणाला कुठे राहू द्यायचे, हे माणसांनी ठरवले होते, आणि ते बदलणेही माणसांच्याच हाती आहे. 2017 मध्ये मोंबासाहून नवा रुंद मार्ग आला. त्याचे स्थानक शहराबाहेर, स्योकिमाऊला आहे, आणि तिथे पुन्हा मोकळ्या जमिनीवर वस्ती आखण्याची वेळ आली आहे.