चाकातली हवा

सायकलचा पंप हातात आला की माणसाचा हात लवकर थांबत नाही. पाणी भरताना घागर भरल्याचे डोळ्यांना दिसते, पीठ भरताना डब्याचे झाकण लागेनासे होते. हवा मात्र दिसत नाही आणि सांडतही नाही. त्यामुळे आणखी चार दट्टे मारून ठेवावेत, ते काही वाया जात नाहीत, असे ज्याला त्याला वाटते. आमच्याकडे तर टणक चाक हे इभ्रतीचे लक्षण समजले जाते. टायरवर टिचकी मारली की नारळासारखा आवाज यायला हवा. मऊ चाकाची सायकल घेऊन कोणी बाजारातून गेला, की चार माणसे हटकून सांगणार, "मास्तर, हवा बघा."

या पंथाचे आमच्या गावचे मुख्य उपाध्याय म्हणजे माझे वडीलच. वाईजवळच्या आमच्या गावी एस. टी.च्या थांब्यापाशी आबांनी चाळीस वर्षे सायकलचे दुकान चालवले. पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे, व्हॉल्व्हचे रबर बदलणे, ताशी भाड्याने सायकली देणे, हा सारा संसार त्यांनी एका पत्र्याच्या टपरीत मांडला होता. त्यांच्या हाताखालून गेलेली चाके बहुतेक अठ्ठावीस-दीडची. अरुंद टायर, आणि त्यावर दूधवाला, त्याच्या दोन किटल्या, शिवाय कॅरिअरवर त्याचा मुलगा. अशा चाकात हवा कमी पडली, तर पहिल्याच दगडावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते आणि तिला सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. आबांनी अशी भोके हजारोंनी बुजवली असतील. तेव्हा त्यांची श्रद्धा आंधळी नव्हती. ती अनुभवातून आली होती. एवढेच, की तो अनुभव अठ्ठावीस-दीडच्या चाकाचा होता.

आक्काची मुलगी, माझी भाची, आजोळी राहून कॉलेजात जाते. सतरा वर्षांची, वजनाने शेहेचाळीस किलो. दोन वर्षांपूर्वी तिने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून पुण्याच्या एका गृहस्थाकडून डोंगरात चालवायची सायकल जुनी विकत घेतली. सव्वादोन इंच रुंदीचे दातेरी टायर, पुढच्या चिमट्यात हवेचा शॉकअप, मागे काही नाही. गावामागच्या डोंगरावरून गुरांची एक वाट खाली येते. त्या वाटेने ती सुट्टीच्या दिवशी पहाटे उतरू लागली. वाटेवर मध्यावर एक डावे वळण आहे. खाली टणक मुरूम आणि त्यावर सुटी बारीक खडी. सारवलेल्या खळ्यावर हरभरे सांडावेत तशी. गेल्या वर्षी त्या वळणावर तिचे पुढचे चाक निसटले आणि गळ्याजवळचे हाड मोडले.

हाड दीड महिन्यात सांधले. पण नंतर ती त्या वळणापाशी आली की ब्रेक दाबून सायकल जवळजवळ उभीच करी. अंग कलतेच ना. आणि आक्काने तर निक्षून सांगितले होते, "आणखी एकदा पडलीस, तर सायकल विकायची." आक्का बोलली की ते होते, हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे.

त्या दिवशी चाकात हवा कोणी भरली होती, हे कोणी कोणाला विचारले नाही. आबांनी नातीच्या सायकलीची टिचकी घेतल्याशिवाय तिला कधी बाहेर पडू दिलेले नव्हते.

पदार्थविज्ञान मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. पण या प्रश्नाला तेवढे पुरते. सायकल आणि स्वार मिळून एकोणसाठ किलो. सपाटीवर त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या चाकावर येतो, म्हणजे साधारण बावन्न पौंड. चाकात दर चौरस इंचाला ४० पौंड दाब असेल, तर तो भार पेलायला सव्वा चौरस इंच रबर जमिनीला टेकले की झाले. दाब २१ पौंडांवर आणला, तर अडीच चौरस इंच टेकावे लागते. (टायरची कड स्वतः थोडा भार उचलते, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे किंचित कमी भरतात.)

हे गणित मी फळ्यावर मांडले, तेव्हा नववीतल्या एका पोराने मला अडवले. "सर, घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं पुस्तकात आहे." पोरगा बरोबर होता, पुस्तकही बरोबर होते. पण पुस्तकातला नियम फळीवरून घसरणाऱ्या लाकडी ठोकळ्याचा आहे. रबर हा ठोकळा नव्हे. ते खड्याभोवती दबते, फटीत शिरते, त्या खड्याचा ठसा अंगावर घेते आणि त्याला धरून ठेवते. हवा जास्त असली, की टायरला दबायला सवडच मिळत नाही. तो खड्याच्या डोक्यावर चढतो आणि घरंगळतो. शिवाय प्रत्येक खड्यावर चाक किंचित उडते, आणि जे चाक हवेत आहे ते काय धरणार? आता दुसऱ्या टोकाला गेलो, तर तेही चालत नाही. हवा फारच कमी झाली, की वळणात टायर रिमखाली आडवा लोळतो, हँडल कुठे आणि चाक कुठे असे होते, आणि सापाचे दात तर ठरलेलेच. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी चार-पाच पौंडांची एक अरुंद पट्टी असते. ती ज्याची त्याला शोधावी लागते, कारण वजन वेगळे, टायर वेगळा, वाट वेगळी. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही नुसती वरची मर्यादा असते. पण छापलेल्या आकड्याचा आपल्या लोकांवर भारी वचक!

मौज अशी, की डोंगरातल्या सायकलीचा जन्मच मऊ चाकातून झाला. कॅलिफोर्नियात टॅमलपाईस डोंगराच्या परिसरात, फेअरफॅक्स गावाजवळ, काही तरुण १९३० व १९४०च्या दशकांतल्या जुन्या मुलांच्या सायकली घेऊन कच्च्या वाटेने खाली येत. त्या सायकलींना जाड, फुगीर टायर असत. १९७६च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी तेथे पहिली शर्यत लावली. उतार दोन मैलांच्या आसपास, उंचीत तेराशे फुटांचा फरक. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबले की लागणारा. खाली पोचेपर्यंत हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नाव 'रिपॅक' पडले. गॅरी फिशर नावाच्या स्वाराने ती वाट ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून दाखवली. शॉकअप बसवलेले चिमटे बाजारात आले ते १९९०च्या सुमारास. तोवर या मंडळींचा शॉकअप म्हणजे त्या फुगीर टायरमधली हवाच. ही गोष्ट मी आबांना सांगितली. ते म्हणाले, "त्यांच्याकडं दूधवाला न्हाई बसत मागं."

मग आम्ही पट्टी शोधायला निघालो. आबांच्या पंपाचा काटा १६० पर्यंतचा. त्यावर वीस आणि पंचवीस यांत केसाएवढे अंतर. म्हणून आकडे दाखवणारे एक छोटे यंत्र मागवले. पद्धत मास्तरकीची ठेवली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि भाचीला आकडा सांगायचा नाही. सुरुवात पुढे ३२, मागे ३५. वळणाच्या वर शंभर पावलांवरून यायचे, ब्रेक वळणाच्या आधी मारून घ्यायचा, आत शिरल्यावर सोडायचा, बाहेरचा पाय खाली आणि नजर वाट जिथे सुटते तिथे. प्रत्येक फेरीनंतर मी काडीने व्हॉल्व्हची पिन दाबून थोडी हवा सोडी.

पहिल्या दोन फेऱ्यांत ती काही बोलली नाही. तिसरीनंतर म्हणाली, "मामा, खडी कमी झाली का?" खडी तेवढीच होती. २२ वर आली तेव्हा ती वळणात प्रथमच थोडी कलली; मला वरून तिचा डावा खांदा खाली जाताना दिसला. १९ वर पुढची रिम दगडाला ठक्कन् लागली आणि तिने नाक मुरडले. दोन पौंड परत भरले. मागच्या चाकावर भार अधिक म्हणून तिथे तीन पौंड जास्त. पुढे २१, मागे २४.

राहता राहिला चिमटा. तो पुण्याच्या त्या गृहस्थाच्या वजनाचा होता, आणि गृहस्थ ऐंशी किलोंचे तरी असावेत. चिमट्याच्या नळीवर रबराची एक बारीक कडी असते. ती खाली सरकवायची, स्वाराने नेहमीच्या पवित्र्यात अलगद उभे राहायचे, हळूच उतरायचे, आणि कडी किती वर गेली ते पट्टीने मोजायचे. शंभर मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्यात ती वीस-पंचवीस तरी जायला हवी. भाचीच्या वजनाने ती नऊ मिलिमीटर गेली. म्हणजे एवढे दिवस पोरगी दुसऱ्याच्याच अंगरख्यात वावरत होती. चिमटा आधीच थोडा दबलेला असला, तरच तो खड्ड्यात खाली पसरून चाक जमिनीला लावून ठेवू शकतो. ताठ चिमट्याला खाली जायला जागाच उरत नाही. कडी बावीसवर येईपर्यंत हवा काढली. चिमट्याच्या तळाशी परत उसळण्याचा वेग ठरवणारा एक स्क्रू असतो. तो फार सैल असला तर चाक उडी मारते, फार आवळला तर एका दगडावर दबलेला चिमटा दुसरा दगड येईतो वर येत नाही. हाताने दाबून सोडून, चाक उडणार नाही इतपत आवळला.

आबा हे सारे बाकावर बसून पाहत होते. शेवटी उठले, पुढच्या टायरवर अंगठा ठेवला. डोळे मिटून दाबला. "बावीस?" यंत्रावर २१ होते. मग म्हणाले, "एवढी कमी हवा मी आयुष्यात कुणाला दिली न्हाई." थोडे थांबून हळूच, "त्या दिवशी पन्नास असंल." भाची लगबगीने म्हणाली, "खडीच लई होती आबा."

दुसऱ्या रविवारी आक्का आली. तिला वळण पाहायचे होते. वळणाच्या वरच्या कडेला पदर खोचून ती उभी राहिली, कोणाशी बोलेना. पोरगी वरून आली, ब्रेक सोडला, कलली. खडीचा नुसता चर्र आवाज झाला आणि ती वाटेला लागली. आक्काने विचारले, "रोज एवढी वाकडी होते?" मी हो म्हणालो. सायकल विकण्याविषयी ती त्या दिवशी काही बोलली नाही. पुढचे मला अजून ठाऊक नाही.

आबांच्या टपरीच्या पत्र्यावर आतून खडूने उधारी लिहिलेली असते. तिच्याखाली त्यांनी लिहून ठेवले: "पोरीची सायकल. पुढं २१, मागं २४." हवा मात्र त्यांनी दुपारी मोजली होती. दुपारच्या उन्हातले एकवीस कार्तिकातल्या पहाटेच्या गारव्यात दीड-दोन पौंडांनी उतरतात, म्हणजे नेमके रिम ठोकते तिथवर. हे मी सांगितल्यावर त्यांनी खडू मागितला आणि त्या ओळीपुढे लिहिले, "थंडीत पहाटं मोजून दोन जादा."