मिठावरचा थेंब

गेल्या पावसाळ्यात चार दिवस गावी गेले होते, पेण तालुक्यात. वहिनीला तिसरा महिना होता. एका सकाळी आशाताई आल्या. वजन घेतलं, गोळ्या दिल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "घरातलं मीठ आणता का चमचाभर?"

वहिनीने बशीत मीठ आणलं. आमच्याकडे मीठ विकत आणत नाहीत. आजोबांचं मिठागर होतं, त्यातला थोडा भाग आता चुलतकाका बघतात. तिथलंच जाडं, करडं मीठ पिढ्यान्पिढ्या घरात आहे. आशाताईंनी पिशवीतून छोटी बाटली काढली आणि मिठावर एक थेंब टाकला. आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं. आमचं झालं नाही.

मला जरा गंमत वाटली. मी पुण्याहून वहिनीसाठी गुलाबी मिठाची बरणी आणली होती, साध्या मिठाच्या कितीतरी पट किमतीची. "आता याच्यावर टाका बरं," मी म्हटलं. थेंब पडला. गुलाबी मीठ गुलाबीच राहिलं. माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात दीड वर्ष हेच मीठ होतं.

ओट्यावरून आजोबांचा आवाज आला, "समुद्राचं मीठ आहे ते. त्यात आणि औषध कशाला?"

त्यांचा राग मला माहीत होता. २००६पासून खाण्यासाठी साधं मीठ विकायला देशभर बंदी आली. आयोडीन मिसळायचं यंत्र आजोबांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांचं मीठ मग बर्फाच्या कारखान्यांना, कातडीवाल्यांना जाऊ लागलं, तेही पडेल भावाने. ज्या मिठावर घर उभं राहिलं, ते एका कायद्याने 'खाण्याजोगं नाही' ठरलं. हे दुखणं खोटं नव्हतं.

पण समुद्राबद्दलचं त्यांचं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. समुद्रात आयोडीन असतं, ते मासळीत उतरतं. वाफ्यात पाणी आटून जे मीठ उरतं, त्यात मात्र ते नावापुरतंच असतं. आजोबा जन्मभर ताजी मासळी खात आले, म्हणून त्यांना कधी काही जाणवलं नाही. वहिनी घाटावरची. त्यात त्या दिवसांत तिला मासळीचा वासही सहन होत नव्हता.

त्या रात्री मी फोनवर वाचत बसले. आयोडीनची कमतरता म्हणजे गलगंड, एवढंच मला शाळेपासून ठाऊक होतं. खरं नुकसान दिसत नाही, ते पोटातल्या बाळाचं होतं. पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉइडवर विसंबून असतो, आणि थायरॉइडला आयोडीन लागतं. तीव्र कमतरता असेल तर झालेलं नुकसान पुढे भरून येत नाही. लागतं तरी किती? मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशोब केला, तर जेमतेम एक चहाचा चमचा.

हे मिठातून देता येतं, हे आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालंय. १९५६च्या सुमारास डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या कांगडा खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचं मीठ, तिसऱ्याला साधं. काही वर्षांत त्या दोन भागांत गलगंड झपाट्याने कमी झाला. तिसऱ्यात जवळजवळ तसाच राहिला. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू केलं. १९६२मध्ये सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्या तिसऱ्या भागात मधल्या वर्षांत जन्मलेल्या मुलांचा विचार मला अजून सोडत नाही.

पुढे वाचताना वाटेत देणगीदार भेटले. आमच्या ऑफिसात दर डिसेंबरला देणगीसाठी यादी फिरते. मी नेहमी फोटो बघून निवडते: हसणारी मुलगी, दप्तर, खाली दोन ओळी. आयोडीनला असा फोटो नाही. जो आजार झालाच नाही, त्याचा फोटो काढणार कसा?

तरीही लोकांनी पैसे दिले. १९९०मध्ये जगातल्या पाचांपैकी एखाद्याच घरात आयोडीनचं मीठ होतं. त्या दशकात किवानिस या संघटनेच्या ठिकठिकाणच्या क्लबांनी युनिसेफबरोबर मोहीम काढली आणि दहा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उभी केली. देणारे बहुतेक साधे सभासद, ज्यांनी मिठागर कधी पाहिलंही नसेल. आज जगातल्या दहातल्या जवळपास नऊ घरांत हे मीठ पोचतं. हे एकट्या देणग्यांचं काम नाही. सरकारं, कायदे, मीठवाले सगळेच त्यात आहेत.

मला गंमत वाटली ती या पैशाच्या वाटेची. देणगीदार कुणाला मीठ वाटत नाहीत. आयोडीन मिसळायचा खर्च माणशी वर्षाला जेमतेम काही रुपये, तो पुढे मिठाच्या किमतीतच मुरून जातो. देणगी लागते ती सुरुवातीच्या यंत्रांना, तपासणीच्या बाटल्यांना, आणि लोकांच्या लघवीतलं आयोडीन मोजून कुठे कमी पडतंय ते शोधायला. आयोडीन ग्लोबल नेटवर्कसारखी संस्था हेच करते: देशोदेशीची आकडेवारी गोळा करते, सरकारांच्या मागे लागते. कंटाळवाणं काम. पण लक्ष हटलं की गाडी मागे येते. आपल्याकडेच २०००मध्ये केंद्राने बंदी उठवली होती, ती पुन्हा आणायला काही वर्षं गेली.

आणि वाचता वाचता आजोबा आठवले. यंत्राला आणि शिकवायला पैसा लागतो, हे जगभर लोकांना कळलं होतं. आमच्या आगरापर्यंत मात्र बंदी आधी आली, यंत्र कधीच आलं नाही. छोट्या मीठवाल्याला सोबत घेतलं नाही, तर तो या मिठाचा शत्रू होतो. आमच्या घरात वीस वर्षं तेच चाललं होतं.

सकाळी मी आजोबांना हे सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "आपलं मीठ घाटावर जायचं. तिथल्या बायका मासळी कुठून खाणार?" मी म्हटलं, "नाही खायच्या." ते बराच वेळ पावसाकडे बघत राहिले. दुपारी छत्री घेऊन स्वतः दुकानात गेले आणि पाकीट आणून चुलीशेजारी ठेवलं. त्यांची बरणी वरच्या फळीवर गेली. "लोणच्याला आपलंच," एवढंच म्हणाले.

डिसेंबरात मी यादीतला फोटो सोडून बिनफोटोच्या कामाला पैसे दिले. फार नाहीत. दिल्यावर छान वगैरे काही वाटलं नाही, आणि त्याची आता सवय करायला हवी.

वहिनीची मुलगी पाच महिन्यांची झाली. ठणठणीत आहे. ते त्या थेंबामुळे, असं मी म्हणणार नाही. एरवी काय झालं असतं, हे कळायला मार्गच नाही. माझी गुलाबी बरणी गावीच राहिली. वहिनी सांगत होती, शेवटच्या महिन्यांत पाय सुजायचे, तेव्हा कोमट पाण्यात घालायला ती चांगली कामी आली.