गिटारचा ब्रिज कुणी उखडला?

माझ्याकडे दोन गिटार आहेत. एक पोकळ पोटाची लाकडी, तिला अकूस्टिक म्हणतात. दुसरी इलेक्ट्रिक, एका कॉलेजच्या मुलाकडून जुनी घेतलेली. मी काही मोठा वादक नाही. शाळेतून आलो, चहा झाला, की तासभर तारा छेडत बसायचं, बस्स! बोटांना घट्टे पडलेत आणि शेजारच्या आजी "आज पण तेच गाणं का रे?" असं विचारतात.

पण 2024 च्या एप्रिलमध्ये या गिटारपायी माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगतो.

1 मेच्या झेंडावंदनाला मुलांनी राज्यगीत म्हणायचं आणि मी साथ करायची, असं ठरलं होतं. रोज गिटार कोण ने-आण करणार? म्हणून शनिवारी सराव झाल्यावर मी अकूस्टिक गिटार शाळेतच, पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवून दिली. सोमवारी सकाळी गेलो, तर चौथीतला एक मुलगा कपाटाशी उभा. (नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही.) हातात खडूचा डबा. मी गिटार खाली काढली, पिशवीची चेन उघडली आणि बघतो तर काय, ब्रिज उखडलेला!

ब्रिज म्हणजे तारांची खालची टोकं जिच्यात अडकवतात ती लाकडी पट्टी. सतारीला घोडी असते ना, तसंच काहीसं. फक्त ही पट्टी गोंदाने पोटावर चिकटवलेली असते.

"तारा ओढल्यास ना?" मी ओरडलो.

"सर, मी हात बी नाही लावला."

मी ऐकूनच घेतलं नाही. मधल्या सुट्टीपर्यंत त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

संध्याकाळी गिटार घेऊन जुन्या शहरातल्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, पट्टीखाली पातळ पातं सरकवलं आणि म्हणाले, "सर, इसको किसी ने नहीं खींचा. गर्मी ने छोड़ा है. कहाँ रखी थी?"

मग मला एकेक गोष्ट उमगत गेली. गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून ब्रिजला साधारण 70 किलोच्या जोराने ओढत असतात. आपण वाजवत नसलो तरी! त्यात आपल्या संभाजीनगरचा एप्रिल. बाहेरच पारा चाळिशी गाठतो, मग बंद पत्र्याखाली काय होत असेल? गोंद तापला की मऊ पडतो. शिवाय लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात सुकून आकसतं. तारा सैल करून गिटार घरी न्यायची, एवढं साधं काम मी केलं नव्हतं. 70 किलो म्हणजे चौथीतली जवळजवळ तीन मुलं त्या पट्टीला रात्रंदिवस लोंबकळत होती, आणि मी आळ घेतला होता चौथ्यावर.

मंगळवारी तो शाळेत आलाच नाही. तो दिवस मला फार जड गेला. हजेरी घेताना त्याच्या नावाशी अडखळलो.

बुधवारी आला. परिपाठ झाल्यावर सगळ्या वर्गासमोर मी सांगितलं, "गिटार यानं मोडली नाही. मी मोडली, पत्र्याखाली ठेवून. मी याची माफी मागतो." फळ्यावर गिटार काढून तारांचा जोरही समजावला. तो खाली मान घालून बसला होता. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "किती किलो म्हणला, सर?"

ब्रिज चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवायचा होता, म्हणून सरावाला इलेक्ट्रिक आणली. त्याचा पहिला प्रश्न, "हिला हात लावला की शॉक बसतो का?" नाही बसत. हिचं अंग बहुधा भरीव असतं. तारांखाली लोहचुंबक असतात, त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत अगदी दुबळी वीज निर्माण होते. अँप्लिफायर तिलाच मोठं करतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुकाच राहतो! 1932 साली अमेरिकेत विकायला आलेली इलेक्ट्रिक गिटार तव्यासारखी दिसायची, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. हे ऐकून वर्ग इतका हसला की सराव तिथंच संपला.

1 मेला झेंडा वर गेला, मुलं उभी राहिली आणि नेमकी लाईट गेली. अँप्लिफायर गप्प! मुलांनी नुसत्या आवाजात गाणं म्हटलं. खणखणीत म्हटलं. पहिल्या रांगेलासुद्धा माझी गिटार ऐकू आली नसेल.

निकाल घेऊन सगळे पांगले. तो मागे रेंगाळला. जूनपासून तो पाचवीला, दुसऱ्या शाळेत. मी त्याला गिटारच्या लाकडाला कान लावायला सांगितलं आणि सगळ्यात जाड तार छेडली. त्याने डोळे मिटले.

"येतंय, सर. घुमतंय."

फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच ओरडला, "सर, सुट्टीत तारा ढिल्या करून ठेवा!"