दाखल्यावरचं नाव

आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींची नावं लग्नात ताटातल्या तांदळांवर नव्यानं लिहिली गेली. माहेरचं नाव माहेरीच राहिलं. पुढे वाड्यात, चाळीत, हळदीकुंकवाला आमची ओळख म्हणजे मधल्या वहिनी, धाकटी काकू, नाहीतर थोरल्याची आई. त्या हाकांत माया होती. आजही त्या हव्याशाच वाटतात.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी राहून गेलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. तो पार केला की बी.ए.ला प्रवेश. मुलगी कॉलेजात असताना आईनं फॉर्म भरला, अशी घरं आम्ही पाहिली आहेत.

संपर्कसत्रं बहुधा रविवारी. पोळ्या डब्यात झाकून, सासूबाईंची औषधं हाताशी ठेवून आम्ही गावातल्या कॉलेजच्या अभ्यासकेंद्रावर जायचो. बाकावर शेजारी अंगणवाडीताई, पलीकडे एस.टी.चे कंडक्टर, मागे दुकान सांभाळून शिकणारा पोरगा. समंत्रक म्हणायचे, ‘‘आधी ओळख करून घेऊ.’’ उभं राहिलं की तोंडून आधी मिस्टरांची नोकरी यायची, मग मुलं कितवीत ते. सर शांतपणे ऐकायचे आणि विचारायचे, ‘‘आणि ताई, तुम्हाला काय शिकायचंय?’’ हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ‘इतिहास’ एवढं म्हणतानाही आवाज कापायचा.

ज्यांनी राजपत्रात नाव बदलून घेतलं नव्हतं, त्यांची हजेरी शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं. वडिलांच्या नावासकट ते मोठ्यानं पुकारलं गेलं की ‘हजर’ म्हणायला क्षणभर उशीर व्हायचा. घरी त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मला विचाराल, तर पदवीइतकंच मोल त्या हजेरीचं होतं.

२०२०च्या टाळेबंदीत आमच्यातल्या अनेकींनी पुन्हा वर्ग धरले. कुणी मोडी लिपीचा, कुणी संस्कृत संभाषणाचा, या वेळी मोबाइलवर. इस्त्रीची साडी नेसून, मागची भिंत नीट करून बसायचं. ‘‘आई, म्यूट काढ,’’ असं आतून कुणीतरी ओरडायचं. मग, ‘‘नमस्कार, माझा आवाज येतोय ना? खाली मुलाचं नाव दिसतंय, फोन त्याचा आहे. मी त्याची आई.’’ बाई हसून म्हणायच्या, ‘‘तुमचं नाव सांगा ना.’’ आणि साठीची विद्यार्थिनी आपलं संपूर्ण नाव, गाव आणि ‘मला आजीच्या पेटीतले मोडी कागद वाचायचेत’ हे एका दमात सांगायची. आता आवाज कापत नव्हता.

तेव्हा मुलांनो, सुनांनो, नातवंडांनो, घरातली बाई कुठल्याही वर्गाला बसणार असेल तर लिंक उघडून देण्याआधी तिथलं नाव बदला. तिचं टाका, आणि कोणतं टाकायचं ते तिलाच विचारा.