आता अर्ज भरायचाय

मी मूळचा अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यातला. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पाय साथ देत नाहीत. नोकरीसाठी बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत आलो आणि इथलाच मतदार झालो. कंपनीच्या आवारात रॅम्प आहे, लिफ्ट आहे. फाटकाबाहेर मात्र व्हीलचेअर फुटपाथवर चढवायला दोन माणसं लागतात.

गावाकडे बच्चूभाऊ कडू २००४ पासून अचलपूरमधून सलग चार वेळा आमदार म्हणून निवडून आले. ते स्वतः दिव्यांग नाहीत, पण आमच्या प्रश्नांवर सतत रस्त्यावर उतरले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. २०२४ मध्ये ते हरले, तेव्हा मला काळजी वाटली ती आमच्या प्रश्नांची. एका माणसाच्या हरण्या-जिंकण्यावर हे प्रश्न किती दिवस टांगून ठेवायचे?

त्याच वर्षी २६ एप्रिलला लोकसभेसाठी तिकडे अमरावतीत आणि इकडे बंगळुरू ग्रामीणमध्ये मतदान होतं. मतदान यंत्रावर ब्रेल आकडे, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय. मतदार म्हणून आमची दखल घेतली गेली, याचा आनंद आहे. पण उमेदवारांच्या यादीत आम्ही कुठे आहोत?

मित्र म्हणाले, तूच उभा राहा. मी नियम वाचून काढले. विधानसभेला अनामत दहा हजार, अपक्षाला दहा सूचक. एवढं जमण्यासारखं आहे. उमेदवाराच्या शपथपत्रात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं विचारतात, अपंगत्व विचारत नाहीत. त्यामुळे आमच्यातले किती जण लढले, याची मोजदादच होत नाही. प्रचाराची जीप उंच, व्यासपीठाला पायऱ्या आणि तिकीट मागायला जावं तर पक्षाचं कार्यालय जिन्यावर.

तरीही वाट आहे. दृष्टिहीन साधन गुप्ता १९५३ मध्ये कलकत्त्यातून लोकसभेत गेले. पोलिओ झालेले जयपाल रेड्डी केंद्रात मंत्री झाले. इथून जवळच, होसूरच्या बाजूला, तमिळनाडूची हद्द लागते. त्या राज्याने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत दिव्यांग सदस्य नेमण्याचा कायदा केला. ही नेमणूक आहे, निवडणूक नव्हे, पण निर्णय होतात त्या खोलीत आमचा माणूस बसेल.

कर्नाटक विधानसभेच्या पुढच्या निवडणुकीत अर्ज भरायचं मी ठरवलं आहे. दारोदार एकच मागणी घेऊन जाणार: असा कायदा कर्नाटकात हवा आणि माझ्या महाराष्ट्रातही.