पायाळूच्या घरापर्यंत

पाठीत उसण भरली की पायाळू माणूस गाठायचा, ही महाराष्ट्रातल्या गावोगावची जुनी रीत. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेला. जमिनीखालचं पाणी त्याला कळतं, पुरलेलं धन त्याला दिसतं, वीज त्याच्यावर पडते, असं काय काय त्याच्या नावावर जमा आहे. त्यातलं रोजच्या उपयोगाचं कलम एकच: त्याने दुखऱ्या कमरेवर पाय फिरवला किंवा हलकी लाथ मारली की उसण जाते. हसण्यावारी न्यावी अशीच ही गोष्ट. पण इतकी वर्षं टिकली त्याअर्थी पुष्कळांची कंबर लाथेनंतर मोकळी झालीही असणार. गुण कशाचा, एवढाच प्रश्न. पायाळू काही घरोघरी नसतो. म्हणजे कंबर धरलेल्याने अंथरुणातून उठायचं, भिंतीचा आधार घेत वहाणा पायांत सरकवायच्या, तिरकं-वाकडं चालत दुसऱ्या आळीत जायचं, ओसरीवर उभं राहायचं आणि लाथ खाऊन तसंच परत यायचं. उसण बहुधा आपोआप काही दिवसांत जाते, हे खरंच. पण श्रेय वाटायचंच झालं, तर लाथेपेक्षा या जाण्यायेण्याला द्यावं, असं मला वाटतं.

घरात पडलेल्या माणसाला आपण नेमकं उलटं सांगतो. न्हाणीघरातल्या गुळगुळीत टाइलवर साबणाचं पाणी असतं, किंवा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्याखाली डगमगतं स्टूल असतं. (शहाबादी फरशी दिसायला काळपट, पण पाय धरून ठेवायची. घोटीव टाइल आली, चकाकी आली आणि मोरीची नुसती घसरगुंडी झाली.) माणूस बुडावर आदळतो, धक्का माकडहाडापासून वर चढतो, आणि घरातले धावत येतात. आंबेहळदीचा लेप, विटेचा शेक, आणि शेवटी हुकूम: पंधरा दिवस जागचं हलायचं नाही. हा हुकूम आजीबाईच्या बटव्यातला म्हणून उडवून लावता येत नाही, कारण डॉक्टरही बरीच वर्षं तोच देत होते. रिचर्ड ॲशर या इंग्लिश वैद्याने १९४७ साली, रोग्याला खाटेवर ठेवण्यात कोणकोणते धोके आहेत, यावर एक खट्याळ आणि धारदार लेख लिहिला. तो सगळ्यांनी आवडीने वाचला आणि रोगी पुढेही खाटेवरच राहिले.

एक गोष्ट मात्र आधी निस्तरायला हवी. पडल्यावर हाड मोडलेलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय ना खाट, ना चालणं, ना पायाळू. छातीचा फासळ्यांनी जखडलेला कणा जिथे संपतो आणि कमरेचा हलता कणा सुरू होतो, त्या सांध्याजवळचा मणका अशा आपटण्याने पुढच्या बाजूने चेपतो. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईला त्यासाठी मोठं पडणंही लागत नाही. पायांतली ताकद जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच घटकेला इस्पितळ. सकाळची वाट पाहायची नाही. पुढचं सगळं लिहितो आहे ते क्ष-किरणाचा फोटो निर्दोष निघाल्यावरचं.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवलं. त्यांना झालेलं काहीच नव्हतं. पाठ दुखत नव्हती, ताप नव्हता. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे आधी मोजलं आणि नंतर मोजलं. वीस-एकवीस दिवसांच्या लोळण्याने ती क्षमता चौथाईहून अधिक उतरली होती. नंतर कसून व्यायाम करून घेतल्यावर ती भरूनही आली. पण खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता पन्नाशी आली होती, वजनं वाढली होती. पुन्हा मोजणी झाली, आणि तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी केलं होतं, असं निघालं. पाचच माणसं, हे मान्य. पण हा हिशेब एकदा वाचल्यावर ‘जरा पडून राहा’ हे वाक्य पूर्वीच्या निरागसपणे ऐकता येत नाही. आपल्या भाषेत माणूस अंथरूण धरतो. कोण कोणाला धरतं, याबद्दल भाषेचा काहीतरी घोटाळा झालेला दिसतो.

पाठीचाच पुरावा हवा असेल, तर हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गातल्या १८६ जणांवरचा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. कंबर नुकतीच धरलेली. काहींना दोन दिवस खाटेवर ठेवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना सांगितलं की सोसेल तेवढं रोजचं चालू ठेवा. तिसरे लवकर बरे झाले, खाटेवरचे सगळ्यांत उशिरा. यावर कोणी म्हणेल, ही साधी कंबरदुखी, पडलेल्याची गोष्ट वेगळी. खरं आहे. मुका मार लागला असेल तर पहिले एक-दोन दिवस पडूनच काढावे लागतील. मी नको म्हणतो ते त्यापुढचे तेरा-चौदा. मणका चेपल्यावरसुद्धा, मज्जारज्जूला धक्का नसेल आणि मोड स्थिर असेल, तर हल्ली पट्टा बांधून आणि वेदनाशामक देऊन लवकरच उभं करतात. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस झोपून काढले तर आधीच ठिसूळ असलेली बाकीची हाडंही विरत जातात.

दुसरा आक्षेप एमआरआय घेऊन येतो: गादी सरकली आहे, स्वच्छ दिसते आहे, आणि चालायचं कसं? पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय १९९४ साली तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांत निदान एक गादी फुगलेली निघाली. फोटोतली प्रत्येक खोट दुखण्याचं कारण नसते. पलंगावरच्या गादीचीही तीच गत. ‘कडक फळीवर निजा’ हा आपला आवडता सल्ला. पण जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ स्पॅनिश माणसांत कडक गादीपेक्षा मध्यम गादी जास्त मानवली.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र दवाखान्यातला नाही, स्वयंपाकघरातला आहे. घरातल्या बाईला खाट ही एकच रजा मिळते. डॉक्टरने ‘हिंडा-फिरा’ म्हटलं की संध्याकाळी तिच्या हाती कणकेची परात येते. हा आक्षेप मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. एवढंच म्हणता येईल, की दाराशी दहा पावलं घालणं वेगळं आणि बादली उचलणं वेगळं. पहिलं औषध आहे, दुसऱ्याला महिना-दोन महिने घरातले बाकीचे हात आहेत. दुखणेकरीण उभी दिसली म्हणून तिला कामाला लावणाऱ्या घराने डॅलसचा पुरावा आपल्या बाजूने वापरू नये.

राहता राहिला पायाळू. २००० साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं, की पायाळू बाळाला सिझेरियनने बाहेर काढणं त्याच्यासाठी जास्त सुरक्षित असतं. तेव्हापासून इस्पितळांत बहुतेक अशी बाळं तशीच काढतात. जुन्या अर्थाने पायांनी जगात आलेला माणूस दुसऱ्या आळीत सापडायचा, तो आता क्वचितच सापडतो. त्या आळीपर्यंत मात्र जाऊन यावं.