रायगड किनाऱ्यावरील परक्या जीवजाती: लोकांची नजर आणि नोंद

आपल्या मूळ प्रदेशाबाहेर माणसाच्या हातून पोचलेली, तिथे तगून पसरलेली आणि स्थानिक जीवसृष्टीला, शेतीला किंवा मासेमारीला अपाय करणारी जात ही आक्रमक परकी जात समजली जाते. बाहेरून आलेली प्रत्येक जात आक्रमक नसते. मिरची, काजू आणि चिकू मूळचे अमेरिका खंडातले, पण आज त्यांच्याशिवाय कोकणातली वाडी पुरी होत नाही. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगभर सुमारे ३७,००० परक्या जाती नव्या ठिकाणी स्थिरावल्या आहेत आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक अपायकारक ठरल्या आहेत.

अशा जातीचा बंदोबस्त किती खर्चात होईल हे बहुतेक वेळा ती कधी दिसली यावर ठरते. पाच-पन्नास जीव असताना दिसली तर ती उपटता येते. तालुकाभर पसरल्यावर फक्त तिचा जोर कमी ठेवता येतो. म्हणून पहिले दर्शन महत्त्वाचे असते, आणि ते सहसा शास्त्रज्ञाला होत नाही. झाडावर चढणारा, जाळे झटकणारा, होडीचा तळ खरवडणारा आणि वाफ्यात वाकून काम करणारी बाई यांच्या हाताला ती वस्तू आधी लागते. रायगड किनाऱ्यावर असे हात भरपूर आहेत. नसते ती त्यांनी पाहिलेल्या गोष्टीची नोंद.

या किनाऱ्यावर परक्या जाती येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक समुद्राची: उरण तालुक्यातले न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि खाडीपलीकडे मुंबई बंदर त्याहून कितीतरी जुने आहे. दुसरी वाट रोपांची. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत रोपे, कंद, केळीचे मुनवे आणि शोभेची झाडे सतत ये-जा करतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर नव्या लागवडीसाठी रोपांची गरज एकदम वाढली. रोप घेताना पानाची खालची बाजू पाहण्याची सवय तेव्हा फारशी कुणाला नव्हती, आजही फारशी नाही.

रोपांच्या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नारळावरची रुगोज चक्राकार पांढरी माशी. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधील नारळांवरून तिचे शास्त्रीय वर्णन २००४ मध्ये झाले. भारतात ती २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची आणि केरळातील पालक्काड भागात आढळली आणि पुढच्या काही वर्षांत पश्चिम किनाऱ्याने वर सरकत कोकणात आली. नेहमीच्या पांढऱ्या माशीच्या जवळपास तिप्पट मोठी असल्याने ती नुसत्या डोळ्यांना दिसते. उडायला आळशी असते. मादी पातीच्या खालच्या बाजूला गोल गोल फिरत अंडी घालते आणि त्यांवर मेणासारखी पांढरी भुकटी पसरते. ही वर्तुळे हीच तिची खूण. पिल्ले रस शोषतात आणि चिकट गोड द्राव बाहेर टाकतात. तो खालच्या झावळ्यांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. त्यामुळे पातीला ऊन मिळत नाही आणि झाड अशक्त दिसू लागते.

प्रस्तुत लेखकाच्या रेवदंड्याजवळच्या वाडीत या किडीचा पत्ता लागला तो नेमका उलट्या क्रमाने. आधी दिसली काजळी. पावसाळा सरल्यावर खालच्या झावळ्या काळवंडल्या, आणि आळीतल्या जाणत्यांचे निदान असे झाले की हा धुराचा परिणाम आहे. जमिनीवरून काढलेल्या छायाचित्रांत फक्त काळी पाने होती. त्यावरून कुणालाच काही सांगता येईना. नारळ उतरवायला आलेल्या गड्याने मात्र झाडावरून उतरताच हात दाखवले. तळहात चिकट झाले होते आणि कोपरापर्यंत पांढरी भुकटी लागली होती. त्यापूर्वी आणखी दोन गावांत त्याने हेच पाहिले होते, पण कुणी विचारले नाही म्हणून तो बोलला नव्हता. त्याने कापून आणलेली झावळी उलटी करून पाहिल्यावर वर्तुळे दिसली आणि ओळख पटली. वाडीचा मालक जमिनीवर उभा असतो आणि कीड शेंड्याकडे, पातीच्या खाली असते. एवढ्या अंतरामुळे काही महिने सहज वाया जातात.

पुढचा भाग अधिक कठीण होता, कारण या किडीबाबत लोकांना काय करू नये हे सांगावे लागते. कीड दिसली की फवारणी, हा वाडीतला रिवाज आहे. नारळाच्या उंचीमुळे फवारा नीट पोचत नाही हा एक मुद्दा झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एन्कार्सिया ग्वाडेलूपी नावाची एक बारीक गांधीलमाशी या किडीच्या पिल्लांत आपली अंडी घालते आणि त्यांना संपवते. रासायनिक कीटकनाशकाने आधी मरते ती हीच. म्हणून कृषी संशोधन संस्थांची शिफारस रासायनिक फवारणी टाळण्याची आहे. लहान झाडांच्या पातीवर खालून जोरात पाणी मारणे, पिवळे चिकट सापळे लावणे, गरज पडल्यास कडुनिंबाचे तेल वापरणे आणि मित्रकीटक असलेल्या पातीचे तुकडे नव्याने कीड लागलेल्या झाडांना बांधणे, असे उपाय त्या सुचवतात. शेवटचा उपाय लोकांच्या मदतीशिवाय होऊच शकत नाही, कारण पात कुठून आणायची हे आसपासच्या वाडीवाल्यांनाच ठाऊक असते.

पात योग्य आहे की नाही हे ओळखण्याची रीत सोपी आहे, साध्या भिंगाने जमते. पांढरी माशी कोशातून बाहेर पडते तेव्हा वरचे कवच इंग्रजी टी अक्षरासारखे फाटते. मित्रकीटक बाहेर पडतो तेव्हा गोल भोक उरते आणि त्याने ग्रासलेली पिल्ले काळपट दिसतात. ही खूण एकदा दाखवल्यावर वाडीत काम करणाऱ्या बायकांनी ती सगळ्यांत लवकर उचलली. तांदूळ निवडणाऱ्या नजरेला असे बारीक भेद नवे नसतात. गोल भोके दिसू लागल्यावर शेजारच्या वाडीतली ठरलेली फवारणीही पुढे ढकलली गेली. कोणत्याही माहितीपत्रकाने एवढे काम केले नसते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. माणूस पत्रकातल्या सल्ल्यापेक्षा स्वतः पाहिलेल्या भोकावर विश्वास ठेवतो.

आफ्रिकी गोगलगाईची गोष्ट वेगळी आहे. ती नवी नाही. पूर्व आफ्रिकेतली ही जात १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखप्रेमी गृहस्थाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या चौरंगी भागातील एका बागेत सोडली. तिथून ती देशभर पोचली. टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा, बोटाएवढा किंवा त्याहून लांब शंख ही तिची ओळख. पहिल्या पावसाबरोबर ती बाहेर येते आणि पपई, भाजीपाला, केळी, कोवळी रोपे फस्त करते. प्रत्येक गोगलगाय नर-मादी दोन्ही असते आणि एका वेळी शेकड्याने अंडी घालते. उन्हाळ्यात शंखाचे तोंड बंद करून ती दगडाखाली, बांधात पडून राहते. तिचे उच्चाटन किनाऱ्यावर आता शक्य नाही. संध्याकाळी ओली गोणपाटे आणि पपईची पाने पसरून, पहाटे खाली जमलेल्या गोगलगाई गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवणे, हाच घरगुती आणि परिणामकारक मार्ग. हातमोजे आवश्यक, कारण उंदरांतून येणारा आणि माणसाच्या मेंदूला इजा करू शकणारा एक कृमी तिच्यात असू शकतो. एका वाडीने गोळा केल्या आणि शेजारच्याने केल्या नाहीत तर गडगा ओलांडून त्या परत येतात, म्हणून हे काम आळीने एकत्र करावे लागते. या धांदलीत लहान, निरुपद्रवी देशी गोगलगाईही मारल्या जातात. मोहिमेआधी दोन्ही शंख शेजारी ठेवून दाखवले तर हे टळते.

चिलापीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मोझांबिकची ही तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली. गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात सारखीच रमते, म्हणून खाड्या आणि खारजमिनीतल्या तळ्यांत ती कायमची झाली आहे. पेण-अलिबागकडचे जिताड्याचे तळे बाळगणारे तिच्याकडे जिताड्याचे खाद्य म्हणून पाहतात. लोकांना उपयोगी वाटणाऱ्या परक्या जातीची तक्रार कुणी करत नाही, आणि लोकांच्या मदतीने चालणाऱ्या पाहणीची ही खरी मर्यादा आहे.

समुद्राच्या वाटेवर लोकांची नजर सर्वांत कमी पोचते. मालवाहू जहाज रिकामे असताना तोल राखण्यासाठी टाक्यांत पाणी भरते आणि माल चढवताना ते बंदरात सोडते. त्या पाण्यातून आणि जहाजाच्या तळाला चिकटून जीव प्रवास करतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या पाण्याविषयी २००४ मध्ये करार केला. तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी, २००० पासून चाललेल्या जागतिक प्रकल्पासाठी जगातील सहा ठिकाणे निवडली गेली, त्यांत मुंबई होती. त्या कामात मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांचा विचार झाला.

मायटिलॉप्सिस सॅलेई ही काळपट पट्ट्यांची, दोन-अडीच सेंटिमीटरची शिंपली मूळची मेक्सिकोच्या आखाताकडची. १९६७ मध्ये ती विशाखापट्टणमला सापडली, नंतर मुंबई बंदरातही. दोर, खांब, तराफे यांवर ती गच्च थर धरते. १९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकातळांत ती दिसली. आधीच्या पाहणीत, सहा महिन्यांपूर्वी, तिचा मागमूस नव्हता. तिथल्या तळांना पाणी अडवणारी दारे होती. ती बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतले गेले आणि शिंपली समूळ नष्ट झाली. करंजा किंवा रेवस खाडीला असे दार नाही. इथे एकदा बस्तान बसले की हा उपाय बादच.

कोळी बांधवांची मदत म्हणूनच मोलाची ठरते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि तळाला चिकटलेली कवचे खरवडली जातात. ही वर्षातून एकदा आपोआप होणारी तपासणी आहे. खरवडलेला माल मात्र तसाच वाळूत पडतो. त्यातले अनोळखी दिसणारे मूठभर बाजूला काढून स्पिरिटमध्ये ठेवले तर अभ्यासकाला पुरते. केवळ बाहेरून काढलेले छायाचित्र इथे चालत नाही. या शिंपलीच्या टोकाशी आतून एक छोटा पडदा असतो आणि तो शिंपली उघडल्यावरच दिसतो.

नोंद उपयोगी पडण्यासाठी जागा, तारीख, स्पष्ट छायाचित्र आणि शेजारी आकार कळेल अशी वस्तू एवढे लागते. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल २००८ पासून अशा नोंदी घेते. आयनॅचरलिस्टवर इतर जाणकार ओळख तपासतात. मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातले हौशी लोक २०१७ पासून मुंबईच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी फिरून याच रीतीने नोंदी करतात. रायगडमधल्या गावांत हे काम व्हॉट्सॲपच्या गटांवर चालते, पण तिथे छायाचित्र पुढे पुढे जात राहते आणि जागा-तारीख गळून पडते. त्यातल्या अनेक सूचना चुकीच्या निघतात, देशी जातीच परक्या समजल्या जातात. त्याने बिघडत नाही. उत्तरच आले नाही तर मात्र पुढची सूचना येत नाही.

कायद्याची चौकट तयार आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित धरली आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आक्रमक परक्या जातींवर नियंत्रणाचे कलम ६२-अ आले. नोंदवही एकदाच भरून कपाटात ठेवायची वही नाही, तिला वर्षाचे वेळापत्रक लागते. रायगड किनाऱ्यापुरते ते निसर्गानेच आखून दिले आहे: फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत नारळ उतरवताना पातीची खालची बाजू, जून-जुलैत होड्यांचे तळ आणि पहिल्या पावसानंतरच्या पहाटे गडग्यांच्या कडेच्या गोगलगाई, आणि पावसाळ्यात नवी रोपे लागतात तेव्हा लावण्याआधी प्रत्येक रोपाची पाने व माती.